दार उघडलं तर बाहेर कोणी नाही

रात्र आहे. ती झोपलीये पण आतून जागी आहे, आणि तो बाहेरून दार वाजवतोय, उघड गं, दवानं माझे केस भिजलेत. ती आतूनच म्हणते, आता मी कपडे उतरवून ठेवले, पाय धुतले, ते परत कशाला मळवू. मग तो दाराच्या फटीतून हात आत घालतो आणि तिला पोटातून एकदम गलबलून येतं, ती उठते, बोटांना गंधरस लागलेला असतो तो कडीवर ओघळतो, कडी निघते, दार उघडतं. बाहेर कोणी नाही.

ती तशीच रात्री शहरभर शोधत फिरते, पहारेकरी तिला गाठतात, मारतात, अंगावरची ओढणी काढून घेतात, आणि एवढं होऊनही ती यरुशलेमच्या मुलींना इतकंच म्हणते की तुम्हाला तो भेटला तर त्याला सांगा, मी प्रेमानं आजारी आहे.

हे बायबलमध्ये आहे. जुन्या करारात, मराठीत ज्याला आपण 'गीतरत्न' म्हणतो त्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात. आठ अध्यायांचं छोटंसं पुस्तक, सगळी मिळून ११७ वचनं, एका बैठकीत वाचून होतं. आज्ञा नाहीत, नियम नाहीत, इतिहास नाही, देवाचं नावसुद्धा सरळ कुठे येत नाही (आठव्या अध्यायात प्रेमाच्या ज्वालेसाठी जो हिब्रू शब्द आहे त्याच्या शेवटी ते दडलंय असं काहीजण वाचतात, पण ते तेवढंच). बाकी सगळं एक ती आणि एक तो, द्राक्षमळे, डाळिंबं, हरणं, सुगंध, आणि एकमेकांच्या शरीराची इतकी मोकळी स्तुती की मी सोळा-सतरा वर्षांची असताना आमच्या पाळकांना विचारलं होतं, यावर तुम्ही कधीच संदेश का देत नाही. ते म्हणाले लग्नानंतर वाच. मला तेव्हा खूप लागलं होतं ते, कारण मी आधीच वाचलं होतं आणि मला त्यात काही घाण दिसली नव्हती, मला ती दारापाशी उभी राहिलेली बाई दिसली होती.

नंतर कॉयरमध्ये गेले, आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, उभी राहिले ती आजतागायत, वीसेक वर्षं झाली. आणि या वीस वर्षांत हे पुस्तक मला संदेशांपेक्षा सुरांतून जास्त भेटलं. त्यातून जे कळत गेलं तेच आज लिहायचंय. लोक गीतरत्नाला लग्नाची कविता समजतात, 'प्रेम मरणासारखं बळकट आहे' हे वचन पत्रिकेवर छापतात, ते बरोबरच आहे, पण चर्चच्या संगीतात आणि उपदेशात या पुस्तकातलं जे खोलवर उतरलं ते मीलन नाहीये. ते शोधणं आहे. तो होता, आता दिसत नाही, कुठे गेला. जिथे जिथे एखाद्या उपदेशकानं किंवा संगीतकारानं ही जागा पकडली तिथे ते काम टिकलंय असं मला वाटतं, आणि जिथे फक्त फुलं आणि सुगंध घेतले तिथे ते गोड झालं आणि विरून गेलं.

आधी थोडं मागे जाते. हे पुस्तक पवित्रशास्त्रात असावं की नाही यावर ज्यू गुरूंमध्ये वाद होता, आणि दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचे रब्बी अकीवा त्यात ठामपणे म्हणाले की सगळे लेख पवित्र आहेत पण गीतरत्न म्हणजे परमपवित्र, ज्या दिवशी ते इस्राएलला मिळालं त्या दिवसाची सर सगळ्या जगाला नाही. मंदिरातल्या सगळ्यात आतल्या खोलीला जो शब्द वापरतात तो त्यांनी या कवितेला वापरला. याच अकीवांच्या नावावर दुसरंही एक वाक्य आहे, की मेजवान्यांमध्ये जो हे गाणं चालीवर म्हणतो त्याला येणाऱ्या जगात वाटा नाही. म्हणजे लोक ते तसं गात होते! मनाई कोणी उगाच करत नाही. आणि त्यांच्यासाठी तो म्हणजे देव आणि ती म्हणजे इस्राएल, आजही वल्हांडणाच्या सणातल्या शब्बाथाला हे पुस्तक वाचलं जातं.

ख्रिस्ती लोकांनी हीच किल्ली घेतली आणि कुलूप बदललं. तो ख्रिस्त, ती मंडळी, किंवा ती म्हणजे एकेकाचा आत्मा. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानानं यावर दहा खंडांचं भाष्य लिहिलं, त्यातले पहिले तीनच लॅटिन भाषांतरात उरलेत, आणि त्याचे दोन उपदेश बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम यानं भाषांतरित केले. जेरोमनं प्रस्तावनेत लिहिलंय की बाकी पुस्तकांवर लिहिताना ओरिजेननं इतर सगळ्यांना मागे टाकलं, गीतरत्नावर लिहिताना त्यानं स्वतःला मागे टाकलं. 

आता इथे बरेचजण म्हणतात की ही पळवाट झाली, शरीराची लाज वाटली म्हणून रूपक चढवलं. काही जणांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण मराठी वाचणाऱ्याला हे इतकं परकं वाटू नये, ज्ञानेश्वरांच्या विरहिणी आपण ऐकत आलोय, तिथे बोलणारी स्त्री आहे, लिहिणारा संत आहे आणि वाट पाहणं दोघांचं एकच आहे, तिथे आपण कधी म्हणत नाही की हे काहीतरी झाकायला केलंय. रूपकानं प्रेमाची आच कमी होत नाही, ती दुसरीकडे नेता येते.

एक भाषेची गंमत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. हिब्रूत, ग्रीकमध्ये, लॅटिनमध्ये, जर्मनमध्ये जीव किंवा आत्मा याला जो शब्द आहे तो स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे दाढीवाल्या संन्याशालाही आपला आत्मा 'ती' म्हणायला काही खटपट करावी लागत नव्हती, भाषाच ते करून देत होती. मराठीत आत्मा पुल्लिंगी, 'तो आत्मा', त्यामुळे हे उपदेश आपल्याकडे आणताना दर दोन ओळींना ठेच लागते. मी एकदा 'जीव' करून बघितलं, तेही पुल्लिंगीच. शेवटी नुसतं 'ती' लिहून सोडून दिलं.

बर्नार्डकडे येते, कारण ज्यांनी गीतरत्नावर उपदेश दिले त्यांच्यात माझा जीव त्याच्यात अडकलाय. फ्रान्समधल्या क्लेअरवो मठाचा मठाधिपती, सिस्टर्शियन पंथाचा. ११३५ साली त्यानं आपल्या मठवासी भावांसाठी गीतरत्नावर उपदेश सुरू केले आणि ११५३ मध्ये मरेपर्यंत ते चालू ठेवले. अठरा वर्षं, ८६ उपदेश. आणि एवढ्यात तो पोचला कुठवर तर तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वचनापर्यंत! पहिल्या वचनातल्या 'त्याच्या मुखाच्या चुंबनांनी तो मला चुंबो' या एका ओळीवरच त्यानं उपदेशामागून उपदेश दिलेत, आधी पायांचं चुंबन म्हणजे पश्चात्ताप, मग हाताचं म्हणजे उठून उभं राहायला मिळालेला आधार, आणि मग कुठे मुखाचं. घाई नाहीच. त्याच्या तिसऱ्या उपदेशाची सुरुवात मला तोंडपाठ आहे, आज आपण अनुभवाचं पुस्तक वाचणार आहोत असं तो म्हणतो. भाष्य नाही, अनुभव. तुमच्या आत काय झालंय ते उघडा आणि मग या ओळीशी ताडून बघा.

७४व्या उपदेशात तो स्वतःचं सांगतो, आणि सांगताना त्याला संकोच होतोय हे जाणवतं. म्हणतो, शब्द म्हणजे ख्रिस्त माझ्याकडेही आला, कित्येकदा आला, पण कधी आत शिरला ते मला कधीच कळलं नाही, डोळ्यातून नाही कारण त्याला रंग नाही, कानातून नाही कारण त्यानं आवाज केला नाही. फक्त हृदय ऊबदार झालं तेव्हा कळलं तो आहे. आणि गेला कधी ते कसं कळलं, तर उकळत्या भांड्याखालचा जाळ कोणी काढून घ्यावा तसं सगळं आत गार पडत गेलं. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले होते. देव आहे की नाही यावर शेकडो पानं लिहिलेली आहेत, पण तो गेला हे कसं कळतं ते असं चुलीपाशी बसून सांगणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

आणि २६वा. तो नेहमीसारखा सुरू होतो, 'केदारचे तंबू, शलमोनाचे पडदे' या शब्दांवर, व्यवस्थित, शिकवल्यासारखा. आणि मध्येच तो थांबतो. किती वेळ मी सोंग करू, म्हणतो, आतला जाळ मला खातोय. त्याचा भाऊ जेरार्ड ११३८ मध्ये वारला होता, सख्खा भाऊ, त्याच मठात राहणारा, मठाची कोठी, देणंघेणं, सगळा बाहेरचा संसार सांभाळणारा, ज्याच्यामुळे बर्नार्डला प्रार्थनेला आणि उपदेशाला मोकळा वेळ मिळायचा. दफनाच्या वेळी बाकी सगळे रडत होते आणि बर्नार्डच्या डोळ्यात टिपूस नव्हता, त्यानं स्वतः सगळे विधी केले, स्वतःच्या हातानं माती टाकली. आणि मग या उपदेशात ते सगळं बाहेर आलं. पुढचा सगळा उपदेश म्हणजे रडणं आहे, तू का गेलास, आपण एकत्र होतो ते का तुटलं, आता मी कोणाला विचारू. गीतरत्नावरच्या उपदेशमालेत! त्यानं तो नंतर काढून टाकला नाही, मालेत तसाच ठेवला. मला वाटतं त्याला माहीत होतं की तो विषय सोडून गेलेला नाही. जो माणूस भावासाठी असं रडू शकतो त्यानंच 'मी त्याला शोधलं पण तो सापडला नाही' या ओळीवर बोलावं.

शोधण्यावर त्याच्या आधीही कोणी बोललं नव्हतं असं नाही. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरी द ग्रेटनं येशूची शिष्या मग्दालिया मरिया हिच्यावर उपदेश दिला, ती येशूच्या कबरेपाशी रडत उभी आहे, शिष्य बघून निघून गेले पण ती हललेली नाही, आणि तिथे त्यानं गीतरत्नाच्या तिसऱ्या अध्यायातलं हेच वचन आणलं, रात्री माझ्या पलंगावर माझ्या जिवाला प्रिय त्याला मी शोधलं. अजूनही कॅथलिक चर्चमध्ये २२ जुलैला तिच्या सणाला हे वाचन असतं. मला ही जोडणी कुठल्याही भाष्यापेक्षा खरी वाटते, कारण दोन्हीकडे एक बाई अंधारात, जो हवा तो जागेवर नाही, आणि ती पहारेकऱ्याला किंवा माळ्याला विचारतेय की तुम्ही त्याला पाहिलंत का.

दुसऱ्या मरियेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या बाजूनं जे वाचन झालं ते मी पटकन सांगते. बाराव्या शतकात ती म्हणजे मरिया असं सलग वाचायला लोक लागले, आणि तिच्या सणांच्या गाण्यांमध्ये गीतरत्नाच्या ओळी भरपूर शिरल्या, 'तू संपूर्ण सुंदर आहेस', 'मी काळी पण देखणी'. पंधराव्या शतकातला इंग्लिश संगीतकार डन्स्टेबल याचं 'क्वाम पुल्क्रा एस', 'तू किती सुंदर', तीन आवाजांचं आहे, आम्ही गायलंय, शब्द इतके स्वच्छ ऐकू येतात की कोणी कानाशी बोलतंय असं वाटतं. सुंदर आहे. पण 'काळी पण देखणी' मधला तो 'पण' मला दर वेळी टोचतो. हिब्रूत तिथे नुसतं एक जोडणारं अक्षर आहे, त्याचा अर्थ 'आणि' सुद्धा होतो, लॅटिन बायबलनं 'पण' निवडला आणि शेकडो वर्षं उपदेशक त्या 'पण'ची कारणं देत बसले. ती तर उन्हात राबून काळी झालीये, भावांनी तिला मळे राखायला लावलं होतं हे तीच पुढच्या ओळीत सांगते, तिला कोणाची माफी मागायची नाहीये. मी गाताना मनात 'आणि' म्हणते.

संगीतात हे पुस्तक पूर्णपणे उतरवायला बसला तो इटालियन संगीतकार पॅलेस्ट्रिना. १५८४, रोम, पाच आवाजांची २९ मोटेट (धार्मिक शब्दांची समूहगीतं), सगळी गीतरत्नातून, पोप तेरावा ग्रेगरी याला अर्पण केलेली. अर्पणपत्रिकेत तो कबूल करतो की ख्रिस्ती माणसाला न शोभणाऱ्या प्रेमकवितांना चाली लावणाऱ्यांत मीही होतो, त्याची मला लाज वाटते, पण झालं ते बदलता येत नाही म्हणून आता दिशा बदललीये. आणि लगेच पुढे सांगतो की इथे मी नेहमीच्या चर्चसंगीतापेक्षा जरा जास्त चैतन्याची शैली वापरलीये कारण विषयच ते मागतो. लाज वाटते म्हणणारा माणूस प्रेमगीतं सोडत नाहीये बघा, तो अख्ख्या बायबलातलं सगळ्यात मोठं प्रेमगीत उचलतोय आणि मॅड्रिगल, म्हणजे समूहानं गायची प्रेमगीतं, लिहून हाताला जे वळण लागलं ते सगळं इथे ओततोय. चार वर्षांपूर्वी त्याची बायको वारली होती, पुढच्याच वर्षी त्यानं दुसरं लग्न केलं होतं. त्याच्या मनात काय होतं ते माझ्याकडे नाही, पण 'सुर्गाम एत सिर्कुइबो सिविटाटेम', 'मी उठेन आणि शहरात फिरेन', गाताना आवाज एकमेकांच्या मागे मागे येत राहतात, एक जिथून वळला तिथे दुसरा पोचतो, आणि पाचही जण एकाच गल्लीबोळातून फिरतायत असं आत उभं राहून गाताना वाटतं. बाहेर बसून ऐकताना ते तेवढं कळत नाही.

मॉन्टेव्हर्दी या इटालियन संगीतकारानं १६१० मध्ये व्हेनिसला छापलेल्या व्हेस्पर्समध्ये, म्हणजे सांजप्रार्थनेच्या संगीतात, स्तोत्रांच्या मधल्या जागी गीतरत्नातले दोन तुकडे घातलेत. एक एकट्या टेनरला (पुरुषांचा वरचा आवाज), एक दोन सोप्रानोंना (सगळ्यात वरचा आवाज). टेनरच्या तुकड्यात 'ऊठ माझ्या सखे' येतं तेव्हा 'ऊठ' या शब्दावर सूर पायरीपायरीनं वर चढतो, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि मग 'छाटणीची वेळ आली' इथे तो एकाच सुरावर ठाण मांडून उभा राहतो आणि खालचा बास चालत राहतो. अख्ख्या मोठ्या कॉयरच्या मध्ये हा एकटा आवाज. तो तिथे उपदेशकासारखा उभा आहे असं मला नेहमी वाटतं, फक्त त्याला काही समजावून सांगायचं नाहीये.

जर्मन संगीतकार शुट्झचा एक उल्लेख केलाच पाहिजे, १६२९च्या त्याच्या संग्रहात 'माझा जीव विरघळला' आहे, तीच दारापाशीची जागा, दोन टेनर आणि दोन वाद्यं. आणि बुक्सटेहूडे. त्यानं १६८० मध्ये वधस्तंभावरच्या ख्रिस्ताच्या शरीराच्या सात भागांसाठी सात छोटे कँटाटा, म्हणजे आवाज आणि वाद्यांच्या गीतमाला, लिहिले, पाय, गुडघे, हात, कूस, छाती, हृदय, चेहरा. कुशीसाठी त्यानं ओळ घेतली 'ऊठ माझ्या सखे, खडकाच्या कपारीतल्या माझ्या पारव्या', आणि हृदयासाठी 'तू माझं हृदय घायाळ केलंस'. खडकाची कपार म्हणजे ख्रिस्ताच्या जखमा, पारवा तिथे घर करतो, हे बर्नार्ड आपल्या ६१व्या उपदेशात बोललाय. मठातल्या उपदेशातली कल्पना पाचशे वर्षांनी एका लुथरन ऑर्गनवादकाच्या हातून गाण्यात येते, मधे केवढी फाटाफूट झाली, पण ही कपार दोन्ही बाजूंना सारखीच लागली. हृदयाच्या कँटाटात बाकीची वाद्यं थांबतात आणि व्हायोल कुटुंबातली वाद्यं येतात, आवाज एकदम मऊ आणि अंधारा होतो, हेडफोन लावून ऐकाच.

आता बाख. १७३१ मध्ये २५ नोव्हेंबरला लाइपझिगला त्याचा 'वाखेट आउफ', 'जागे व्हा', हा कँटाटा पहिल्यांदा झाला, रात्री नवऱ्या मुलाची वाट बघणाऱ्या दहा कुमारींच्या, येशूनं सांगितलेल्या दाखल्यावर. मूळ भजन फिलिप निकोलाईचं, १५९९ मध्ये छापलेलं, त्याच्या गावात प्लेगनं माणसं मरत होती त्या दिवसांतून आलेलं. बाखनं त्यात आत्मा आणि येशूची दोन द्वंद्वगीतं घातलीत, आत्मा सोप्रानो, येशू बास (पुरुषांचा खालचा आवाज). दुसऱ्यात गीतरत्नाचं वचन अगदी समोरासमोर वाटून घेतलंय, ती म्हणते 'माझा सखा माझा आहे' आणि पुढचं अर्धं तो म्हणतो, ओबो बागडत असतो, लोकांना ते आवडतं, लग्नात वाजवतात. पण मला पहिलं जास्त जवळचं. त्यात ती विचारते कधी येशील, तो म्हणतो येतोय, ती परत विचारते, आणि वर एक छोटं व्हायोलिन दिव्याच्या ज्योतीसारखं थरथरत राहतं. तो उत्तर देतोय तरी तिला ऐकू येत नाहीये असं वाटतं. दुसऱ्या गाण्यातला आनंद या पहिल्याशिवाय पोकळ झाला असता.

आणि बाखचंच मॅथ्यू पॅशन, मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूच्या दुःखसहनाची गोष्ट, दोन कॉयरसाठी. हेच खरं सांगायचं होतं.

१७२७चा गुड फ्रायडे, लाइपझिगचं सेंट थॉमस चर्च. त्या उपासनेत पॅशनचे दोन भाग आणि दोन्हींच्या मध्ये उपदेश, अशी रचना होती. पहिला भाग येशूला पकडण्यापाशी संपतो, शिष्य पळून जातात. मग उपदेश. लांबलचक उपदेश. आणि उपदेश संपल्यावर दुसऱ्या भागाचे पहिले शब्द काय, तर, आज आपण गातो त्या रूपात, आल्टो एकटी गाते, हाय, आता माझा येशू गेला. आणि दुसरा कॉयर तिला विचारतो, 'स्त्रियांमध्ये सुंदर अशा तू, तुझा सखा कुठे गेला? तुझा सखा कुठे वळला? आम्ही तुझ्याबरोबर त्याला शोधू.' हे सरळ गीतरत्नाच्या सहाव्या अध्यायाचं पहिलं वचन आहे. दारापाशी रिकाम्या हातानं उभी राहिलेली, पहारेकऱ्यांचा मार खाल्लेली ती, आणि तिला विचारणाऱ्या यरुशलेमच्या मुली. रात्री बागेतून येशूला नेलंय आणि संगीतकार आणि त्याचा कवी पिकांडर यांनी तिथे ही बाई आणून उभी केली. उपदेशकानं जे काही समजावलं असेल ते समजावून झालंय, आणि त्यानंतर ही विचारतेय की तो कुठे आहे.

आम्ही हे केलं त्या वर्षी मी दुसऱ्या कॉयरमध्ये होते, म्हणजे विचारणाऱ्यांमध्ये. माझी आई जाऊन चार महिने झाले होते. रिहर्सलला आम्ही ते छान गायलो, सूर बरोबर, उच्चार बरोबर, आणि आमच्या कंडक्टरनं थांबवलं. म्हणाले तुम्हाला उत्तर माहीत असल्यासारखं विचारताय. तुम्हाला माहीत नाहीये. तुम्ही तिला बरं वाटावं म्हणूनही विचारत नाही आहात, तुम्हाला खरंच तिच्याबरोबर चालायचंय. मग त्यांनी आम्हाला आल्टो सोलोइस्टकडे वळून उभं केलं, ती आपला पहिला 'हाय' लांब धरते, मग आम्ही आत यायचं, मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि माझ्या तोंडून 'कुठे' हा शब्द आला आणि मला पुढे गाता आलं नाही. शेजारच्या मावशींनी माझी वही धरली आणि माझ्या वाटचंही तेच गात राहिल्या. तो तुकडा संपतो तो तिच्या प्रश्नावरच, हाय, माझा येशू कुठे गेला, आणि सूर घरी येत नाहीत, तिथेच उघडे राहतात आणि सुवार्तिक पुढची गोष्ट सांगायला लागतो.

त्या चार महिन्यांत लोकांनी मला बरीच वचनं सांगितली होती, चांगल्या मनानं सांगितली होती. ती चांगल्या ठिकाणी आहे वगैरे. मला कोणी हे म्हटलं नव्हतं की चल, शोधू.

या कवितेसाठी माणसांनी किंमतही मोजलीये हे विसरता कामा नये. १५४०च्या दशकात जिनिव्हात कास्तेलिओ या विद्वानाला पाळकपद नाकारलं गेलं, एक मोठं कारण हे की तो म्हणत होता ही शारीरिक प्रेमाची कविता आहे, आणि तिथला धर्मसुधारक कॅल्व्हिन याला ते मान्य नव्हतं. स्पेनमध्ये कवी आणि संन्यासी लुईस दे लेओन १५७२ ते १५७६ तुरुंगात होता, आरोपांमध्ये गीतरत्नाचं स्पॅनिश भाषांतर होतं. आणि त्याच दशकात योहान ऑफ द क्रॉस या स्पॅनिश संतकवीला त्याच्याच पंथाच्या लोकांनी टोलेडोत कोंडून ठेवलं, तिथल्या अंधाऱ्या खोलीत त्यानं गीतरत्नाच्या मुशीतून आपली मोठी कविता रचायला घेतली, आणि तिची सुरुवातच आहे, कुठे लपलास माझ्या सख्या, मला कण्हत सोडून. १५९१ मध्ये मरताना मठातले भाऊ मरणाऱ्यासाठीच्या प्रार्थना म्हणायला लागले तर त्यानं त्याऐवजी गीतरत्न वाचायला सांगितलं.

आणि बोनहोफर, हिटलरला विरोध करणारा जर्मन पाळक, तोही तुरुंगातच, बर्लिनच्या टेगेल तुरुंगात. २० मे १९४४ला मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की देवावरचं प्रेम हे कांटुस फिर्मुस, म्हणजे बहुस्वरी संगीतातली मूळ धरलेली चाल, आणि माणसांवरचं प्रेम हे तिच्याभोवती फिरणारे बाकीचे आवाज, ते स्वतंत्र आहेत, पूर्ण आहेत, आणि मूळ चाल स्पष्ट असली की त्यांना हवं तितकं मोकळं सोडता येतं. आणि याच्या पुराव्याला तो गीतरत्न पुढे करतो, इतकं तापलेलं प्रेम बायबलमध्ये आहे हे किती बरं आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २ जूनला, तो लिहितो की मी ते साधं पृथ्वीवरचं प्रेमगीत म्हणूनच वाचणं पसंत करीन, आणि ख्रिस्ताच्या अंगानं तेच बहुधा सगळ्यात चांगलं वाचन ठरेल. त्याचं स्वतःचं लग्न ठरलेलं होतं, ते झालं नाही, पुढच्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिली. मला त्या पाळकांना हे पत्र दाखवावंसं वाटतं, भांडायला नाही, खरंच दाखवायला.

बर्नार्डचा शेवटचा, ८६वा उपदेश 'रात्री माझ्या पलंगावर मी त्याला शोधलं' यावर आहे. त्याच्या थोडं आधी, ८४व्यात, तो म्हणून गेलाय की देवाला शोधणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, आणि सापडल्यावरही शोधणं संपत नाही, आणि जी शोधतेय तिला आधी कोणीतरी शोधलेलं असतं म्हणूनच ती शोधू शकते. मग ८६वा, आणि तिथे माणूसच संपला. त्याच्या मागून इंग्लंडमधल्या गिल्बर्ट ऑफ हॉयलंडनं तिसऱ्या अध्यायापासून पुढे उचललं, तो पाचव्या अध्यायात पोचला, दारापाशीच्या जागेच्या जरा पुढे, आणि वारला. मग जॉन ऑफ फोर्डनं उरलेलं हातात घेतलं आणि १२० उपदेशांत पुस्तक संपवलं. 

पॅलेस्ट्रिना सातव्या अध्यायातच थांबलाय, 'ये माझ्या सख्या, शेतात जाऊ' इथे, म्हणजे त्याला शेवटचं वचन लावावं लागलं नाही. जॉनला लागलं. गीतरत्नाचं शेवटचं वचन लग्नाचं नाही, मिठीचं नाही. ती त्याला म्हणते, पळ माझ्या सख्या, हरणासारखा, सुगंधी डोंगरांवर. आणि पुस्तक संपतं.

पुढच्या महिन्यात आम्ही परत पॅशन करतोय. यावेळीही मी दुसऱ्या कॉयरमध्येच मागून घेतलंय.